ॲनिमेशन शिकायचंय? फी भरण्याआधी एक नाणं आणि २१ फोटो



मागच्या आठवड्यात दुकानात एक मुलगा आणि त्याचे वडील आले. पिशवीतून सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक काढलं. "सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून द्या जी ताई."

झेरॉक्सवाल्याला लोकांच्या घरातलं बरंच काही न विचारताच कळतं. सातबारा आणि माहितीपत्रक एकाच पिशवीतून निघालं की समजायचं, कर्ज काढून शिक्षण चाललंय. माहितीपत्रक ॲनिमेशनच्या एक वर्षाच्या कोर्सचं होतं. फी १ लाख ४० हजार, लॅपटॉप वेगळा, शहरात राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. वडील म्हणाले, "पोट्टं म्हणते कार्टून बनवणं शिकतो, मंग इथूनच धंदा करतो. शिकू द्या म्हटलं. यंदा कापसानं काही दिलं नाही, पण पाहू."

मी मुलाला विचारलं, "आतापर्यंत काय काय बनवलंस?"

तो म्हणाला, "अजून काही नाही. कोर्स लागला की बनवीन."

झेरॉक्स मी काढून दिल्या, माझा धंदाच तो आहे. पण त्यांना एवढंच म्हटलं की कागद बँकेत द्यायच्या आधी पंधरा दिवस मला द्या. त्या पंधरा दिवसांत त्या मुलाला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. मारेगाव, वणी, पांढरकवडा, झरी, कुठलंही असो, आपल्यासारख्या ठिकाणी राहून ज्यांना ॲनिमेशनमधून छोटा धंदा उभा करायचा आहे त्यांच्यासाठी. व्हिडिओत हे दाखवलं आहेच, इथे मापं आणि नावं नीट लिहून देते.

आधी माझी स्वतःची फसगत

मी बीबीए केलेली बाई, हिशोबात पक्की असं मला वाटायचं. तरी काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या एका संस्थेत तीन महिन्यांच्या वीकेंड कोर्सला ३५ हजार भरले. नाव सांगत नाही, कारण नाव महत्त्वाचं नाही. ते पैसे खरं तर दिवाळीच्या मालाचे होते. तिथे काय शिकवलं? हे बटण दाबा, मग ते बटण दाबा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी माझ्याकडे एक फिरणारा लोगो होता आणि तोही सरांनीच अर्धा करून दिलेला.

घरी आल्यावर खरी गंमत कळली. वर्गात वापरलेलं सॉफ्टवेअर चोरीचं, म्हणजे क्रॅक केलेलं होतं. रीतसर घ्यायचं तर दर महिन्याला भाडं. माझ्या दुकानाची त्या वेळची कमाई पाहता ते परवडणारं नव्हतं, आणि चोरीच्या सॉफ्टवेअरवर गिऱ्हाईकाचं काम करून बिल फाडणं मला जमणार नव्हतं. म्हणजे मी जी बटणं शिकले होते ती माझ्या मशीनवर नव्हतीच!

तेव्हा समजलं की मी सॉफ्टवेअर शिकले होते, ॲनिमेशन नव्हे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलतं. ॲनिमेशनचा पाया मात्र बदलत नाही. डिस्ने स्टुडिओतले दोन जुने कलाकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये एका पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं मांडली. आजही जगभर शिकवणी त्याच १२ तत्त्वांपासून सुरू होते. वस्तू हळू सुटते, वेग घेते, हळू थांबते. उडी मारण्याआधी माणूस गुडघे वाकवतो. मऊ वस्तू आपटली की चपटी होते. यातलं काहीच कॉम्प्युटरचं नाही, सगळं डोळ्यांनी बघायचं आहे. आणि बघायला फी लागत नाही.

नाण्याचा चेंडू

जगातला बहुतेक प्रत्येक ॲनिमेटर पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा करतो. चित्र येत नाही म्हणून घाबरू नका, आपण चित्र काढणारच नाही. पाच रुपयांचं नाणं घ्या, एक कोरा कागद, पट्टी आणि पेन्सिल.

कागदावर १८ सेंमीची उभी रेघ हलक्या हाताने ओढा. वरचं टोक शून्य. आता वरून मोजत या ठिकाणी खुणा करा: ०.५, २, ४.५, ८, १२.५ आणि १८. दोन खुणांमधली अंतरं बघा: अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच. १, ३, ५, ७, ९, ११ या विषम संख्यांचं हे प्रमाण आहे, फक्त निम्मं केलेलं. वरून सोडलेली वस्तू समान वेळात याच प्रमाणात जास्त जास्त अंतर कापते. हे गॅलिलिओने ४०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, आपण शाळेत पाठ करून विसरलो.

आता फोन वरून सरळ खाली बघेल असा बसवा. मी झेरॉक्सच्या रिमांचे दोन गठ्ठे लावते आणि त्यावर दोन पट्ट्या टाकून फोन ठेवते, स्टँड घ्यायची गरज पडली नाही. नाणं शून्यावर ठेवून पहिला फोटो. मग प्रत्येक खुणेवर एक. खाली १८ ला पोचलात की ७ फोटो झाले. चेंडू परत वर येतो, पण पूर्ण नाही. त्यासाठी खुणा: १४.५, १२, १०.५, १०. पुन्हा खाली: १०.५, १२, १४.५, १८. पुन्हा थोडा वर: १५.५, १४, १३.५. आणि शेवटचं खाली: १४, १५.५, १८. मोजा, एकूण २१ फोटो.

स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं ॲप आहे, त्याची मोफत आवृत्ती पुरते. वेग सेकंदाला १२ फोटो ठेवा. २१ फोटोंची पावणेदोन सेकंदांची फिल्म होईल. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पण हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र दोन चौकटी दाखवून १२ वर काम भागवायची पद्धत जुनी आहे. म्हणून १२. आपल्या पहिल्या सहा पावलांना अर्धा सेकंद लागतो आणि अर्ध्या सेकंदात खरी वस्तू साधारण चार फूट पडते. म्हणजे कागदावरचे १८ सेंमी हे चार फुटांचं चित्र आहे. फिल्म बघा. नाणं टप्पे खातं!

इथे थांबू नका. दुसऱ्या कागदावर तेवढीच रेघ घ्या आणि सगळ्या खुणा ३-३ सेंमीवर करा. तेच नाणं, तोच फोन, तीच ॲप. यावेळी नाणं पडत नाही, विहिरीत दोराने सोडलेल्या बादलीसारखं उतरतं. अंतरं बदलली आणि वजन गेलं. हा फरक ज्याला स्वतःच्या हाताने दिसला त्याने पायाचा पहिला धडा घेतला असं मी मानते. माझ्या ३५ हजारांत हा धडा नव्हता.

एक-दोन बारीक गोष्टी. खिडकीच्या उजेडात करू नका. ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते. एका बल्बखाली करा. फोनचा फोकस आणि उजेड लॉक करा. आणि लाइट जायच्या वेळा आपल्याला माहीत असतात, त्याप्रमाणे बसा.

मग पुढे कुठे शिकायचं

फुकट साहित्य इतकं आहे की माणूस त्यातच हरवतो. म्हणून मी स्वतः वापरलेलं किंवा मुलांना दिलेलं तेवढंच सांगते.

सर्वात आधी खान अकॅडमीवरचा 'पिक्सार इन अ बॉक्स'. टॉय स्टोरी बनवणाऱ्या पिक्सारच्या लोकांनी खान अकॅडमीसोबत केलेला मोफत कोर्स. त्यातला ॲनिमेशनचा भाग उसळत्या चेंडूपासूनच सुरू होतो. नाण्याचा प्रयोग करून मग तो बघा, दुप्पट कळेल. इंग्रजी आहे, पण सबटायटल लावून, वेग कमी करून बघता येतं. यूट्यूबवर ॲलन बेकरची १२ तत्त्वांवरची व्हिडिओमालिकाही अशीच. त्यात बोलण्यापेक्षा चित्र जास्त सांगतं.

मराठीत हवं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, सगळे मोफत सॉफ्टवेअरवरचे आणि बरेचसे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत. विषय आणि भाषा निवडायची यादी असते, त्यात बघून घ्या. त्यांची पद्धत मला फार आवडते: अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर तुमचं सॉफ्टवेअर, ते थांबवायचं आणि तसंच करायचं. नुसतं बघत बसणाऱ्यासाठी तो बनलेलाच नाही. आयआयटी मुंबईच्याच डिझाइन विभागाशी जोडलेलं डी'सोर्स हे संकेतस्थळ आहे, तिथे डिझाइन आणि ॲनिमेशनचे लेख-कोर्स मोफत वाचायला मिळतात.

सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीर हवं. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर पेन्सिलटूडी घ्या. अगदी साधं आहे, वहीच्या कोपऱ्यातल्या फ्लिपबुकसारखं. चित्र काढणाऱ्यांना क्रिटा. कागदी तुकड्यांसारखी हलती चित्रं करायची तर सिन्फिग. ओपनटून्झ थोडं अवघड वाटेल, पण जपानच्या स्टुडिओ जिबलीने वापरलेल्या टून्झची ती २०१६ पासून मोफत झालेली आवृत्ती आहे. ब्लेंडरला किमान आठ जीबी रॅम लागते, त्यामुळे ते नंतर.

ब्लेंडरबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती धंद्याचीही गोष्ट आहे. ब्लेंडर बनवणारी मूळ कंपनी बंद पडली. टॉन रूसेंडाल या तिच्या माणसाने २००२ मध्ये वापरणाऱ्यांकडूनच वर्गणी मागितली. लक्ष्य १ लाख युरोचं होतं. काही आठवड्यांत ते जमले आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं झालं. २०२५ मध्ये ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो 'फ्लो', लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या गिंट्स झिलबालोडिस या दिग्दर्शकाचा, ब्लेंडरवर बनला आहे. तेव्हा "फुकटच्या सॉफ्टवेअरवर प्रोफेशनल काम होत नाही" असं कोणी माहितीपत्रक दाखवत सांगितलं तर हसून सोडून द्या.

पुस्तक एकच. रिचर्ड विल्यम्सचं 'द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट'. महाग आहे, लगेच घेऊ नका. तीन महिने टिकलात तर दोघा-तिघांत मिळून घ्या. शिवाय सरकारी रस्त्यात आयटीआयचा मल्टिमीडिया ॲनिमेशनचा एक ट्रेड आहे. प्रत्येक आयटीआयत नाही, पण खाजगी फीच्या मानाने किरकोळ खर्चात होतो. प्रवेशाच्या वेळी यादीत शोधा.

वाटाण्यावर उभं राहिलेलं भांडवल

आता धंद्याचं. "मोठा लॅपटॉप नाही, स्टुडिओ नाही, सुरुवात कशी करू" असं विचारणाऱ्यांना मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते. आपण त्यांना पुतळ्यातले मानतो, पण ते आधी छपाईच्या धंद्यातले होते आणि त्या धंद्यातली भागीदारी मोडून बाहेर पडले होते. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायला पैसे हवे होते आणि सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं, तर पैसे कोण देणार?

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यावर कॅमेरा रोखून महिनाभराहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. वाटाणा फुटतो, कोंब येतो, वेल वर चढतो, सगळं डोळ्यांसमोर. ती निवडक लोकांना दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. १९१५ मध्ये तर त्यांनी आगकाड्या एकेक सरकवून 'आगकाड्यांची मौज' ही फिल्म केली. नाण्याचा खेळ आपण केला, तो आणि हा एकाच जातीचा.

क्रम नीट बघा. आधी मिनिटभराचं काम दाखवलं, मग कर्ज. सातबारा घेऊन बँकेत जाणारा आपला मुलगा हा क्रम उलटा करत होता.

वाटाण्याच्या फिल्ममध्ये अजून एक गोष्ट आहे, ती मला उशिरा कळली. त्यांनी तेच दाखवलं जे डोळ्याला एरवी दिसत नाही. आपल्या तालुक्यात ॲनिमेशनला गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर तिथेच आहे. लग्नाचा व्हिडिओ कॅमेरावाला करतो. दुकानाचा बोर्ड फ्लेक्सवाला करतो. जे कॅमेऱ्यात येत नाही ते तुमचं. बोंडाच्या आत शिरलेली गुलाबी बोंडअळी, जमिनीखालचं पाणी, फवाऱ्यातून उडणारे बारीक थेंब.

मोहरीचे थेंब

माझं पहिलं पैशाचं काम हेच होतं. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. पुढे काही वर्षांनी ओळखीचे एक कृषी केंद्रवाले म्हणाले, "ताई, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका असं मी रोज सांगतो, मान हलवतात आणि जातात. फोनवर दाखवता येईल असं काही करता का?"

काळा कार्डशीट, कागदातून कापलेला माणूस, डोक्याइतकी उंच कपाशी, आणि थेंबांसाठी मोहरी. वीस सेकंदांची फिल्म, म्हणजे २४० फोटो. पहिल्या प्रयत्नात मोहरीचे दाणे मी सारख्या अंतराने सरकवले. कृषी केंद्रात बसलेल्या एका काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे औषध हाय का मुंग्याची रांग?"

बरोबर होतं त्यांचं. फवारा नोझलमधून जोरात सुटतो, मग हवेत अडखळतो आणि वाऱ्यावर तरंगत मागे येतो. म्हणजे अंतरं सुरुवातीला मोठी, मग लहान लहान. पडत्या नाण्याच्या अगदी उलट. दुसऱ्यांदा तसं केलं. धुकं माणसाच्या तोंडाकडे परत आलं तेव्हा त्याच काकांनी रुमाल नाकावर धरल्यासारखा हात वर नेला. मला तेव्हा कळलं की हे जमलं.

हिशोब सांगते. १५०० रुपये मिळाले, दोन प्रयत्न मिळून १४ तास लागले. तासाला १०७ रुपये. पुढचं काम त्याच कपाशीवर, त्याच कागदी माणसावर केलं, सहा तासांत झालं, तेवढेच १५०० मिळाले. तासाला २५०. झेरॉक्स मशीनच्या कमाईशी तुलना केली तर यावर घर चालणार नाही, पण दुकानाला जोड म्हणून चालतं. वर्षभरात मोठी नोकरी लागल्यासारखे पैसे मिळतील असं मी कोणालाच सांगत नाही.

फी भरायचीच असेल तर कशाची

माझा कोर्सला विरोध नाही. माहिती फुकट आहे, पण "ह्या मुंग्या आहेत" असं सांगणारा माणूस फुकट मिळेलच असं नाही. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधल्या कार्टून विभागात डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणवले गेलेले राम मोहन तिथेच तयार झाले. शिकवणी म्हणजे शेजारी बसलेला जाणकार आणि चुकलेलं काम परत करायला लावणं. १९५७ ची 'द बन्यन डिअर' ही फिल्म त्या विभागाच्या कामातूनच आली.

म्हणून संस्थेत गेलात तर इमारत आणि एसी बघू नका. मागच्या बॅचच्या मुलांनी स्वतः केलेलं काम मागा, सरांनी केलेलं नको. प्रत्येकाचं काम आठवड्यातून किती वेळा तपासलं जातं ते विचारा. सॉफ्टवेअर रीतसर आहे का आणि कोर्स संपल्यावर माझ्याकडे काय राहील, हे विचारा. फी हप्त्याने, मध्येच सोडलं तर उरलेली परत, हे पावतीवर लिहून मागा. "लिहून कशाला, विश्वास ठेवा" म्हणाले तर पाणी पिऊन परत या.

तोवर तपासणारा माणूस गावातच शोधायचा. आवाज बंद करून फिल्म दाखवा आणि विचारा, काय चाललंय? गिऱ्हाईकाने वेगळंच काही सांगितलं तर चूक फिल्मची, गिऱ्हाईकाची नव्हे.

तो मुलगा रविवारी आला होता. २१ फोटो झाले होते, पण नाणं खाली पोचल्यावर दोन फोटो एकाच जागी काढल्यामुळे तिथे चिकटल्यासारखं दिसत होतं. त्याने स्वतःच सांगितलं, "इथं अडकू राहिलं ताई, एक फोटो काढून टाकतो." वडील बाहेर गाडीवर बसले होते. सातबाराच्या झेरॉक्स अजून पिशवीत आहेत. पुढच्या रविवारी तो मोहरी घेऊन येणार आहे.